स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारं शीर्षक

स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून टीव्ही मालिकांच्या शीर्षकांवर बोलायचं ठरलं, की कुणाच्या तरी कपाळावर बारीकशी आठी उमटतेच. विषय जरा हलका तर नाही ना? शंका समजण्यासारखी आहे. मालिका सुरू होण्यापूर्वीचा एखादा मिनिट, त्यात पाच-सहा चेहरे, भराभर सरकणारी नावं आणि एक धून. एवढ्यावर तासभर बोलण्यासारखं काय असणार? पण चाळिशी ओलांडलेल्या चार माणसांना 'मालगुडी डेज'मधल्या एखाद्या कथेचा शेवट विचारून पाहावा. बहुतेक जण डोकं खाजवतील. तेच धून गुणगुणायला सांगितली, तर चौघंही एका सुरात सुरू होतील. कथा विसरली जाते आणि तिच्या आधीचा मिनिट लक्षात राहतो, हे जरा विचित्रच आहे. या व्याख्यानाचा विषय तेवढाच.

प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. शीर्षक हे पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी फारसं नसतं. ते असतं अजून न बसलेल्यासाठी. पोळ्या लाटणाऱ्या, अंगणात कपडे काढणाऱ्या, शेजारच्या खोलीत गृहपाठ उरकणाऱ्या माणसाला ते हाक मारतं. ज्या शीर्षकांनी ही हाक नीट मारली ती टिकली. ज्यांनी नुसता डोळ्यांचा विचार केला ती पाहताना सुंदर वाटली आणि चटकन पुसली गेली. या नियमाला अपवाद आहेत, त्यांचीही गाठ पुढे पडेल.

मराठी प्रेक्षकाला ही व्यवस्था नवी नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, त्याची सुरुवात नांदीने होते. नांदी देवाला असते हे खरं, पण तिचा एक व्यावहारिक उपयोग कुणीच नाकारणार नाही. ती चालू असताना उशिरा आलेली मंडळी अंधारात आपली खुर्ची शोधतात, पानाचा डबा मिटतो, लहान मूल मांडीवर स्थिरावतं. तमाशातला गण काय किंवा कीर्तनातलं नमन काय, कथेला हात घालण्यापूर्वी माणसं गोळा करण्याचं काम तिथेही होतंच.

प्रसारणात हे काम पहिल्यांदा रेडिओने केलं. आकाशवाणीची ती पहाटेची व्हायोलिनची धून शिवरंजनीची आठवण करून देते, आणि ती बांधली होती वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने. जन्माने तो मध्य युरोपातला ज्यू. नाझींच्या सावलीतून निसटून 1934 साली मुंबईला आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागला. भारतातल्या कोट्यवधी घरांची सकाळ ज्या सुरांनी उघडली, ते सूर एका निर्वासिताने मुंबईत बसून जुळवले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती.

1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, तेव्हा त्याला स्वतःची ओळख हवी होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या विद्यार्थ्यांकडून बोधचिन्हं काढून घेतली गेली, आणि देबाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याचं चिन्ह निवडलं गेलं: मधे गोल, त्याला दोन बाजूंनी वेढणारे दोन वक्र. ते फिरत फिरत जुळून येतं आणि डोळा तयार होतो. आज हे काम संगणकावर एखादा शिकाऊ मुलगा दुपारच्या चहापूर्वी उरकेल. तेव्हा मात्र चिन्हाच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, त्या फिरवून, चित्र घेत घेत ती हालचाल मिळवावी लागली. धून पंडित रविशंकर यांची, त्यात उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची शहनाई. 1945 साली इप्टा या नाट्यसंघटनेसाठी 'सारे जहाँ से अच्छा'ला आज सर्वांना ठाऊक असलेली चाल रविशंकरांनीच दिली होती, आणि दूरदर्शनची धून ऐकताना त्या चालीची आठवण येते. तिचा संथपणा आजच्या कानाला सहन होईल का, कुणास ठाऊक. रात्री उशिरा एकटं मूल जागं असेल, तर ती धून चक्क भीतिदायक वाटायची, असं त्या पिढीतले अनेक जण सांगतात. भीतीही स्मरणशक्तीला मदत करते.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्या काळातल्या मराठी कार्यक्रमांची शीर्षकं आठवून पाहिली, की त्यांचा साधेपणा डोळ्यांत भरतो. स्टँडवर लावलेली पुठ्ठ्याची कार्डं, त्यांवर ब्रशने लिहिलेली अक्षरं, समोर एक कॅमेरा आणि एकेक कार्ड काढून घेणारा हात. क्वचित तो हात पडद्यावर दिसायचाही. पैसा नव्हता, यंत्रं नव्हती, वेळ तर नव्हताच. मग वजन पडायचं ते आवाजावर. 'आमची माती आमची माणसं' किंवा 'गजरा' म्हटलं की माणसं आधी काहीतरी गुणगुणतात आणि मग विचार करतात की पडद्यावर नेमकं काय दिसायचं. इथे शीर्षकाचा एक मूळ गुण सापडतो. टीव्ही हे आपण बघण्याचं साधन मानतो, पण घरातल्या टीव्हीचा आवाज त्याच्या चित्रापेक्षा खूप लांब जातो. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या एकाच संचापुढे निम्मी आळी बसायची, तेव्हा तर आवाज हाच निरोप्या होता.

'मालगुडी डेज'कडे जरा सावकाश पाहायला हवं.

ही मालिका 1980च्या दशकाच्या उत्तरार्धातली. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, कर्नाटकातल्या आगुंबे या पावसाळी गावातलं चित्रण. संगीत एल. वैद्यनाथन यांचं. शीर्षकातली चित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांनी काढली. हेच लक्ष्मण मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त रोज सकाळी चौकड्याच्या कोटातल्या सामान्य माणसाला उभं करायचे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या घराला ती रेषा परकी नव्हती. टीव्ही लावण्यापूर्वीच तिची ओळख झालेली होती.

लक्ष्मण यांनी थोरल्या भावाच्या कथांसाठी तरुणपणापासून चित्रं काढली होती. म्हणजे मालगुडी हे गाव नारायण यांच्या वाक्यांत जितकं राहत होतं, तितकंच लक्ष्मण यांच्या शाईतही राहत होतं. शीर्षकात ती रेषाचित्रं आली आणि एक मजेशीर गोष्ट घडली. पुढे जे खरं गाव दिसतं, खरी झाडं, खऱ्या भिंती, खरी धोतरं, ते सगळं त्या चित्रांतून उठून आल्यासारखं वाटू लागलं. आगुंबेचं मालगुडी झालं ते तिथल्या सेटइतकंच या मिनिटभराच्या रेघोट्यांमुळे. डोळ्याला आधी सांगून ठेवलं, की आता जे बघणार आहेस ते थोडं खरं आहे आणि थोडं काढलेलं.

आणि धून! तिला शब्द नाहीत, 'ताना ना ना' म्हणत कुणालाही गाता येते. या बिनशब्दीपणामागे मोठी सोय होती. कथा मूळ इंग्रजी, कलावंत-तंत्रज्ञांची फळी बरीचशी कन्नड, संवाद हिंदीत, आणि मालिकेचे काही भाग इंग्रजीतही झालेले. एवढ्या भाषांच्या तिठ्यावर शब्द घातले असते तर ते कुणाचे तरी झाले असते आणि बाकीच्यांचे राहिले नसते. वैद्यनाथन यांनी ती अडचण सुरांवरच निभावून नेली. कोल्हापूरच्या मुलाला आणि कोइमतूरच्या मुलीला ती धून सारखीच आपली वाटली.

शब्द असले की काय होतं, याचं उलट उदाहरण 'जंगल बुक'चं. ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका 1989ची. भारतात ती 1993 साली दूरदर्शनवर आली, तेव्हा तिच्या सुरुवातीला जपानी गाणं न ठेवता नवं हिंदी गाणं घातलं गेलं. शब्द गुलजार यांचे, चाल तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या विशाल भारद्वाज यांची. (शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, हे मराठी घरांत वेगळं सांगावं लागत नसे.) जपानमधल्या मुलांना ती चित्रं आठवत असतील तर त्यांच्या कानात दुसरंच काही वाजत असणार. एकाच मालिकेच्या दोन देशांतल्या आठवणी वेगळ्या झाल्या, त्या गाण्यामुळे.

परदेशातली दोन उदाहरणं इथे घ्यायला हवीत, कारण तुटपुंज्या साधनांतून आलेला नवेपणा तिथेही दिसतो.

बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी 'डॉक्टर हू' सुरू झाली. रॉन ग्रेनर यांनी धून कागदावर लिहून दिली आणि ती प्रत्यक्षात आणण्याचं काम बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशर या तरुणीकडे आलं. सिंथेसायझर नावाची वस्तू तेव्हा दुकानात मिळत नव्हती. डर्बीशर यांनी एक ताणलेली तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला, आंदोलक यंत्रांतून शिट्टीसारखे सूर काढले, टेपचा वेग कमी-जास्त करून त्यांची उंची बदलली, आणि मग एकेका सुराचा तुकडा मोजून कापून एकापुढे एक चिकटवला. मंद्रातली ती धडधड, वरचं ते ओरडल्यासारखं वळण, सगळं ब्लेड आणि चिकटपट्टीचं काम. तयार झालेली धून ऐकून ग्रेनर चकितच झाले. हे आपणच लिहिलं होतं का, असं त्यांनी विचारल्याची गोष्ट सांगितली जाते. मानधनातला निम्मा वाटा डर्बीशर यांना मिळावा अशी त्यांची इच्छा होती, पण संस्थेच्या नियमांत ते बसलं नाही. पडद्यावर नाव आलं ते वर्कशॉपचं. डर्बीशर 2001 साली गेल्या. मालिकेच्या पन्नाशीच्या विशेष भागात, 2013 साली, त्यांचं नाव प्रथमच श्रेयनामावलीत झळकलं.

चित्राची कथाही तितकीच गमतीची. बर्नार्ड लॉज यांनी शीर्षकासाठी जे वापरलं ते खरं तर कॅमेऱ्याचं दुखणं होतं. कॅमेरा स्वतःच्याच मॉनिटरकडे वळवला की चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र अशी रांग लागते आणि पडद्यावर धुरासारखे, ज्वाळांसारखे आकार वळवळू लागतात. स्टुडिओत हे होऊ नये म्हणून काळजी घेतात. काळातून प्रवास करणाऱ्या माणसाच्या मालिकेला मात्र याहून चांगलं दृश्य पैसे मोजूनही मिळालं नसतं.

दुसरं उदाहरण 1966च्या 'मिशन इम्पॉसिबल'चं. काडी पेटते, वात पेट घेते आणि ती ठिणगी पडद्याच्या एका कडेपासून दुसरीकडे पळत सुटते. तिच्यामागून काही क्षणचित्रं झरझर जातात, आणि ती त्याच दिवशीच्या भागातली असतात. पुढे काय होणार ते दाखवून टाकायचं, पण इतक्या घाईत की कळू नये. लालो शिफ्रिन यांची धून पाच मात्रांची आहे, असं सांगितलं जातं. मराठी कानाने ती दहा अर्ध्या मात्रांत मोजावी: तीन, तीन, दोन, दोन. आपल्या झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे खंड इथे जणू उचलून एकत्र केलेत, लांब एकीकडे आणि आखूड एकीकडे. दोन लांब, दोन आखूड हे मोर्सच्या लिपीत लिहिलं तर एम आणि आय ही अक्षरं होतात, मालिकेच्या नावाची आद्याक्षरं. चार मात्रांच्या ठेक्याला सरावलेला पाश्चात्त्य श्रोता या धुनीत पाय ठेवायला जातो आणि दर वेळी अर्ध्या पावलाने चुकतो. ती अस्वस्थता हीच त्या मालिकेची चव. नंतर मोठ्या पडद्यावरचे चित्रपट आले, नट बदलले, पण ही धून बदलायची हिंमत कुणाला झाली नाही.

आता पुन्हा आपल्याकडे, दूरदर्शनच्या रविवार सकाळकडे.

बी. आर. चोप्रा यांचं 'महाभारत' 2 ऑक्टोबर 1988 रोजी सुरू झालं आणि 24 जून 1990 पर्यंत, 94 भाग, चाललं. शंखनाद, महेंद्र कपूर यांचा खडा आवाज, मागून गीतेचे श्लोक, आणि मग हरीश भिमाणी यांच्या आवाजात बोलणारा काळ. कथा सांगणारा सूत्रधार म्हणून खुद्द काळालाच उभं करायचं, ही कल्पना मालिकेचे लेखक राही मासूम रझा यांच्याकडे जाते, आणि ती या शीर्षकाची खरी करामत आहे. काळाला चेहरा नव्हता. पडद्यावर फिरतं चक्र आणि आकाशगंगा, बस्स. नट कितीही प्रसिद्ध असता तरी घरातल्या आजोबांनी त्याच्याकडे 'हा अमक्या सिनेमातला' म्हणून पाहिलं असतं. चेहराच नसल्यामुळे ती पंचाईत झाली नाही. पडद्यावरचं ते चक्र आज पाहिलं तर बिचारं वाटतं. गणपतीच्या मंडळाची आरास याहून बरी असते. आवाज मात्र अजून तसाच अंगावर येतो.

1988 सालीच श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' आली, 53 भागांची. मूळ पुस्तक पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं. शीर्षकाला बेनेगल आणि संगीतकार वनराज भाटिया यांनी जे निवडलं, त्याला तोड नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं सूक्त, नासदीय सूक्त. आधी संस्कृत, मग त्याचा हिंदी अनुवाद. अनुवादक वसंत देव, मुंबईचे मराठी लेखक. मराठी नाटकं हिंदीत नेण्याचं मोठं काम त्यांनी केलं, आणि 'सारांश'च्या गीतांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. ही नोंद मुद्दाम करायची, कारण या शीर्षकाचे शब्द ज्यांना आजही तोंडपाठ आहेत, त्यांतल्या पुष्कळांना वसंत देव हे नाव सांगता येत नाही.

भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले, पॅरिसला नादिया बूलांझे यांच्याकडेही शिकलेले. त्यांनी वैदिक पठणाच्या जवळ राहून समूहस्वर वापरले आणि त्यांच्यात पाश्चात्त्य स्वरमेळाची खोली आणली. देवळातली प्रार्थना वाटावी आणि तरीही कुठल्याच देवळातली वाटू नये, असं ते रसायन. पण सगळ्यात मोठी गोष्ट आशयाची आहे. नासदीय सूक्त प्रश्नांचं सूक्त आहे. ही सृष्टी कुठून आली, कुणी केली, हे कुणाला ठाऊक असेल, असं विचारत ते जातं आणि शेवटी वरून पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असेल की नसेल, या शंकेवर थांबतं. सरकारी वाहिनीवर, राष्ट्राच्या इतिहासाची मालिका, आणि तिची सुरुवात ‘आम्हाला माहीत नाही’ या कबुलीने! इतिहास कसा बघावा हे सांगायला बेनेगलांनी वेगळं भाषण ठेवलं नाही, शीर्षकातच ते उरकलं. भारतीय दूरचित्रवाणीवरचं सर्वांत धीट शीर्षक कोणतं, असं विचारलं तर प्रस्तुत वक्ता दुसरं नाव घेणार नाही.

यातून एक शंका निघते. संस्कृत किती जणांना कळत होतं? फारच थोड्यांना. 2008 साली 'स्टार प्रवाह'वर 'राजा शिवछत्रपती' आली, तिच्या शीर्षकाला अजय-अतुल यांनी कविराज भूषणाचा व्रजभाषेतला छंद घेतला. सतराव्या शतकातली ती उपमांची माळ आजच्या मराठी मुलाला शब्दशः लागणार नाही. तरी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तीच वाजते आणि शाळकरी पोरं ती एकही अक्षर न गाळता म्हणतात. सगळंच लगेच कळलं असतं तर रोज ऐकताना कंटाळा आला असता. थोडं न कळलेलं उरतं, म्हणून उद्या पुन्हा ऐकलं जातं. आरत्यांचं तरी दुसरं काय आहे?

रोजच्या मालिकांपुढे हा प्रश्न जास्त टोकदार असतो. आठवड्यातून एकदा येणारं शीर्षक वर्षात पन्नासेक वेळा ऐकायचं. रोजच्या मालिकेचं त्याच्या पाचपट. 15 ऑगस्ट 1999 रोजी 'अल्फा मराठी' सुरू झाली आणि 'आभाळमाया'ने मराठी घरांची संध्याकाळ बांधून घेतली. पुढे 2003 साली 'वादळवाट' आली. दोन्हींच्या शीर्षकगीतांमागे तीच माणसं: शब्द मंगेश कुळकर्णी, संगीत अशोक पत्की, आवाज देवकी पंडित. हे त्रिकूट नीट पाहण्यासारखं आहे.

पत्की हे जाहिरातींच्या जिंगलमध्ये मुरलेले संगीतकार. दहा सेकंदांत ओळख, वळण आणि समेवर येणं, हा त्या धंद्याचा रोजचा व्यायाम. साठ-सत्तर सेकंदांचं शीर्षकगीत म्हणजे अशा माणसाला ऐसपैस बंगलाच. देवकी पंडित यांना किशोरीताई आमोणकर आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्यासारख्यांची तालीम. विलंबित ख्यालात एका स्वरावर कितीही वेळ घालवता येणाऱ्या गळ्याला इथे एका श्वासाची मुभा. त्यामुळे पहिल्याच सुरावर सगळं ठरतं. तो सूर लागला की आतल्या खोलीतून "लागली गं!" अशी हाक यायची. शब्दांचं म्हणाल, तर मंगेश कुळकर्णी यांनी कथा सांगायचा मोह टाळला. नायिकेचं नाव नाही, घराण्याचं नाही, भांडणाचं तर नाहीच. रोजच्या मालिकेची कथा वर्षभरात कुठे वळेल ते लेखकालाही ठाऊक नसतं, आणि गाण्यात आज घातलेला तपशील सहा महिन्यांनी खोटा पडू शकतो. नात्यांचा आणि आयुष्याच्या वाटांचा भाव धरला की काही खोटं पडत नाही. हल्लीच्या अनेक शीर्षकगीतांत नायक-नायिकेची नावं ओळीत गुंफलेली असतात. ती ऐकताना लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं. मालिका संपली की गाणंही संपतं.

नियमाला अपवाद, म्हणजे डोळ्यांनी जिंकलेली शीर्षकं, मुख्यतः अमेरिकेतल्या केबल वाहिन्यांनी दिली. त्यांचा प्रेक्षक महिन्याचे पैसे मोजून, दिवे मालवून बसलेला होता. एचबीओवरची 'द सोप्रानोज' 1999ची. नायक टोनी सोप्रानो न्यूयॉर्कच्या बोगद्यातून बाहेर पडून न्यू जर्सीतल्या आपल्या घरापर्यंत गाडी चालवत येतो, एवढंच शीर्षक. कारखाने, पूल, टोलनाका, उपनगर. माणूस कुठल्या धुरातून कुठल्या हिरवळीपर्यंत चढला ते रस्ताच सांगतो. सुरुवातीला वाटेत जुळे मनोरे दिसायचे. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर आलेल्या चौथ्या पर्वापासून ते काढून टाकले. शीर्षकालाही इतिहासाची झळ लागते.

2011 साली आलेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये तर शीर्षकाला नकाशाचंच काम दिलं होतं. अँगस वॉल यांच्या चमूने दातेरी चाकांवर उभी राहणारी नगरं बनवली. त्या भागात कथा जिथे जिथे जाणार, ती ठिकाणं उगवत जात. गुंतागुंतीचा भूगोल दर आठवड्याला शिकवण्याची ही युक्ती. तरी एक गोष्ट इथेही नाकारता येत नाही: नकाशा डोळ्यांपुढून गेल्यावर जे उरलं ते रमिन जवादी यांचं चेलो. भारतातल्या लग्नांत बँडवाल्यांनी ते वाजवल्याचे व्हिडिओ हिंडतात. दातेरी चाकं काही वरातीत नेता येत नाहीत.

मग 2017 साली नेटफ्लिक्सने पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण आणलं: शीर्षक ओलांडा. हे बटण दिवसाला साधारण 13 कोटी 60 लाख वेळा दाबलं जातं आणि त्यातून प्रेक्षकांची मिळून 195 वर्षं वाचतात, असं कंपनीनेच 2022 साली जाहीर केलं. त्यावर शीर्षकाच्या मृत्यूचे अग्रलेख लिहून झाले. पण रिकाम्या खोल्यांतून हाक मारायची गरजच इथे कुठे उरली? माणूस कानात बोंडं घालून लोकलमध्ये बसलाय, पडदा तळहातावर आहे, आणि मागचा भाग संपून अर्धा मिनिटही झालेला नाही. त्याला बोलवायचं कुठून? बटण दाबणाऱ्याला रसिकता नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जी हाक ऐकून तो आधीच येऊन बसलाय, तीच पुन्हा ऐकायला तो कंटाळतो, इतकंच.

या परिस्थितीत काही जणांनी चांगल्या वाटा काढल्या. 2018च्या 'सेक्रेड गेम्स'ने लांब शीर्षकाचा नादच सोडला. अनिरुद्ध मेहता यांनी प्रत्येक भागासाठी एक चिन्ह बनवलं, पुराणातली प्रतिमा आणि मंडलाची भूमिती यांचं मिश्रण. भागांची नावंही अश्वत्थामा, हलाहल, ययाति अशी. दर भागाला चिन्ह नवं, तेव्हा ओलांडण्यापूर्वी एक नजर टाकावीशी वाटते. आज काय आहे? अलोकानंदा दासगुप्ता यांचं संगीत त्या काही सेकंदांत मुंबईच्या पोटातली घरघर ऐकवून जातं.

आणि 2020ची 'स्कॅम 1992'. मुंबईचा शेअर बाजार, हर्षद मेहता, दिग्दर्शक हंसल मेहता. अचिंत ठक्कर या तरुण संगीतकाराची धून सिंथेसायझरची, जुन्या दशकाचा वास असलेली, पायऱ्या चढत जाणारी. तिच्यापुढेही ओलांडण्याचं बटण होतंच. झालं भलतंच: लोकांनी धून मोबाइलवर उतरवून घेतली, रिंगटोन केली. शेअर वधारल्याचा किंवा आपटल्याचा प्रत्येक विनोदी व्हिडिओ तिच्यावर चढवला. मालिका न पाहिलेल्या माणसांनाही ती पाठ झाली. म्हणजे हाक मारण्याचं काम थांबलं नव्हतं. ते पडद्यावरून निघून खिशात गेलं होतं, आणि कुठल्याशा ऑफिसात कुणाचा फोन वाजला की शेजारचा मान वर करून विचारत होता, ही कुठल्या मालिकेची धून, बघायला पाहिजे.

राहिला प्रश्न नावांचा. मराठी वाहिन्यांच्या पुरस्कार सोहळ्यांत उत्कृष्ट शीर्षकगीताचा पुरस्कार असतो, ही चांगली प्रथा आहे. अमेरिकेत एमी पुरस्कारांत शीर्षकाचं संगीत आणि शीर्षकाची दृश्यरचना यांना वेगवेगळा मान आहे. आपल्याकडे चित्रं काढणाऱ्याचं, अक्षरं घडवणाऱ्याचं नाव शोधायला गेलं तर जुन्या मालिकांच्या बाबतीत बहुधा हाती काही लागत नाही. ती पुठ्ठ्याची कार्डं ज्यांनी ब्रशने लिहिली त्यांच्यापैकी काही जण आज वयस्कर असतील, मुंबईत किंवा डोंबिवलीत कुठे तरी राहत असतील. कुणी अभ्यासकाने टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरवलं, तर ते काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.